बैलकुप्पे : तिबेटी वसाहतीतील अंत्यविधी आणि जागेचे नियोजन

मैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात, कोडगूच्या सीमेला लागून बैलकुप्पे आहे. मैसूरहून मडिकेरीला जाताना कुशालनगर येण्याच्या थोडे आधी हे गाव लागते. कूर्गच्या सहलीला निघालेले मराठी पर्यटक येथील नामद्रोलिंग विहाराचे सुवर्ण मंदिर पाहायला हमखास थांबतात. मंदिराभोवती मक्याची शेते, तिबेटी छावण्या आणि सेरा, ताशी ल्हुन्पो यांसारखे मोठे विहार पसरले आहेत. भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांची ही पहिली शेतीवसाहत. तिची आखणी झाली तेव्हा कुटुंबागणिक जमीन, घराची जागा, विहीर, शाळा आणि दवाखाना यांचा विचार झाला. परंतु माणसे राहायला आली की मृत्यूही त्यांच्यासोबत येतो, आणि मृतांची व्यवस्था कोठे व कशी करायची हा प्रश्न येथे पहिल्याच वर्षांत उभा राहिला. त्याचे उत्तर तिबेटी परंपरा, मैसूरचे रान आणि भारतीय कायदा यांच्या मेळातून घडत गेले. तिबेटी माणसाला कायमची कबर लागत नाही. त्यामुळे येथील प्रश्न जमिनीच्या एकरांपेक्षा जमिनीवरील हक्काचा, सरपणाचा आणि विधीला लागणाऱ्या वेळेचा आहे.

पठारावरील परंपरा

तिबेटात मृतदेहाची व्यवस्था करण्याच्या अनेक रीती होत्या आणि त्यांची उतरंड ठरलेली होती. प्राचीन राजे जमिनीत पुरले जात. यारलुंग खोऱ्यातील चोंग्ये येथे सातव्या ते नवव्या शतकातील सम्राटांचे मातीचे प्रचंड ढिगारे आजही दिसतात. बौद्ध धर्म रुजल्यावर दफन मागे पडले आणि पुढे त्याला कमीपणाही आला. देवी किंवा कुष्ठरोगाने मेलेले, हत्या झालेले, अशांच्या वाट्याला ते उरले. दक्षिणेकडील खोल नद्यांच्या काठी मृतदेह पाण्यात सोडण्याची रीत होती. लहान मुलांच्या बाबतीत ती विशेष पाळली जाई.

सर्वसामान्य माणसासाठी रूढ झालेली रीत म्हणजे जातोर. गावापासून दूर, डोंगराच्या उतारावरील ठरलेल्या शिळेवर मृतदेह नेला जाई. तेथे रोग्यापा, म्हणजे हे काम करणारे लोक, त्याचे तुकडे करत, हाडे कुटून सातूच्या पिठात मिसळत आणि सारे गिधाडांपुढे ठेवत. चेतना निघून गेल्यावर मागे उरलेला देह भुकेल्या जिवांना देणे हे माणसाचे अखेरचे दान, अशी त्यामागची श्रद्धा आहे. ल्हासाच्या ईशान्येकडील द्रिगुंग विहाराजवळची शिळा यासाठी सर्वांत पवित्र मानली जाते.

या रीतीमागे भूगोलही होता. ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. मध्य आणि पश्चिम तिबेटात झाडे विरळ, जमीन खडकाळ आणि वर्षातील बराच काळ गोठलेली. घरातील चूल शेणाच्या गोवऱ्यांवर चाले. चितेसाठी लाकूड आणायचे कोठून? म्हणून दहन हा मान प्रामुख्याने मोठ्या लामांना मिळे. सर्वोच्च गुरूंचा देह मीठ आणि औषधी द्रव्यांनी टिकवून स्तूपात ठेवला जाई. १६८२ मध्ये निधन पावलेल्या पाचव्या दलाई लामांचा सोन्याने मढवलेला स्तूप पोताला प्रासादात आहे. १९३३ मध्ये वारलेल्या तेराव्या दलाई लामांचाही तेथेच आहे. सामान्य माणूस मात्र जमिनीवर स्वतःची कोणतीही खूण ठेवत नसे. तिबेटी गावाला स्मशानासाठी जमीन राखून ठेवावी लागत नव्हती. एक शिळा आणि आकाशातील गिधाडे पुरत.

मैसूरच्या रानात

मार्च १९५९ मध्ये चौदाव्या दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी भारतात आले. आसाम आणि बंगालच्या तळांवरची उष्णता व दमट हवा त्यांना सोसवेना. अनेकांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर पाठवण्यात आले. ही माणसे एकत्र राहावीत, त्यांची भाषा आणि धर्म टिकावा, यासाठी पंतप्रधान नेहरूंनी राज्यांकडे जमिनीची विचारणा केली. तेव्हाच्या मैसूर राज्याने पिरियापट्टण तालुक्यातील सुमारे ३,००० एकर रान देऊ केले. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी बी. डी. जत्ती होते. पुढे तिबेट्यांना भक्कम आधार देणारे एस. निजलिंगप्पा यांचे नाव वसाहतीत आजही कृतज्ञतेने घेतले जाते. डिसेंबर १९६० मध्ये पहिली तुकडी आली आणि लुगसुंग समदुपलिंग ही वसाहत उभी राहू लागली. १९६९ मध्ये शेजारीच डिकी लार्सो ही दुसरी वसाहत सुरू झाली. तिबेट्यांच्या पुनर्वसनासाठी १९६८ मध्ये स्थापन झालेल्या मायराडा या संस्थेने तिच्या उभारणीत मोठा वाटा उचलला.

सुरुवातीची वर्षे फार खडतर होती. माणसे तंबूंत आणि बांबूच्या झोपड्यांत राहत. झाडे तोडायची, झुडपे जाळायची, मुळे उपटायची आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत मका लावायचा, असा दिनक्रम होता. रानटी हत्ती पिके तुडवत आणि माणसांवरही चालून येत. आठशे ते नऊशे मीटर उंचीवरील या प्रदेशाची हवा पठारावरून आलेल्यांना जड गेली. उष्णता, ताप, क्षय आणि पोटाचे विकार यांनी बरेच जण दगावले. सेरा विहाराचे जे भिक्षू पुढे १९७० च्या सुमारास येथे आले, ते त्याआधी दहा वर्षे उत्तर बंगालमधील बक्सा दुआरच्या जुन्या तुरुंगात राहिले होते आणि तेथे त्यांनी क्षयाने कित्येक सोबती गमावले होते. नव्या भूमीत पहिला नांगर आणि पहिली चिता यांत फारसे अंतर नव्हते.

जातोरऐवजी दहन

भारतातील वसाहतींत दहन हीच सर्वसाधारण रीत झाली. त्याची कारणे सरळ आहेत. जातोरला लागणारे कसबी रोग्यापा, ठरलेली शिळा आणि मोठ्या थव्यांनी उतरणारी डोंगरी गिधाडे यांपैकी येथे काही नव्हते. आजूबाजूला कन्नड शेतकऱ्यांची गावे होती. उघड्यावर देह ठेवणे शेजाऱ्यांना रुचले नसते आणि ज्यांनी आसरा दिला त्यांच्या भावनेचा मान राखणे पाहुण्यांनी कर्तव्य मानले. उलट पठारावर जे दुर्मीळ होते ते लाकूड येथे भरपूर होते. रान साफ करतानाच लाकडाचे ढीग पडत. जो मान तिबेटात लामांना मिळे तो मैसूरच्या रानात साध्या शेतकऱ्यालाही मिळू लागला. दहन तिबेट्यांना परके नव्हते. भगवान बुद्धांच्या देहाचे कुशीनगरला दहन झाले आणि अस्थींवर स्तूप उभे राहिले, ही परंपरा त्यांना पूज्यच होती.

पुढच्या काळात जातोरचा मार्ग निसर्गानेही बंद केला. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर मुख्य जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीच्या पारशी समाजाला याचा थेट फटका बसला आणि तेथे सौर परावर्तकांची मदत घ्यावी लागली. कर्नाटकात उरलेल्या गिधाडांसाठी रामनगरजवळच्या रामदेवरबेट्ट येथे २०१२ मध्ये अभयारण्य घोषित झाले. अशा स्थितीत दहनाचा स्वीकार करणारी वसाहत काळाच्या पुढेच होती.

विधी, वेळ आणि वस्तू

रीत बदलली तरी विधीचा गाभा टिकला. मृत्यूनंतर देहाला लगेच हात लावत नाहीत. चेतना देहातून योग्य वाटेने बाहेर पडावी म्हणून लामा फोवा हा विधी करतात आणि बार्दो थोदोल या ग्रंथाचे पठण होते. कर्म लिंगपा यांनी चौदाव्या शतकात तो प्रकाशात आणला असे परंपरा मानते. मृत्यूची वेळ आणि मृताचे जन्मवर्ष पाहून ज्योतिषी ठरवतो की देह कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी आणि कोणत्या दिशेने घराबाहेर न्यायचा. तोवर देह घरातच, पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला असतो. पुढ्यात लोण्याचे दिवे तेवत ठेवतात आणि खाता हा पांढरा उपरणेवजा पट्टा अर्पण करतात. एक-दोन दिवस, कधी तीन दिवस असे जातात. दहनानंतर दर सातव्या दिवशी पूजा होते आणि एकोणपन्नासाव्या दिवशी विधीची सांगता होते. पुनर्जन्मापूर्वीचा मधला काळ इतकाच असतो, अशी समजूत त्यामागे आहे.

दहनानंतरच्या राखेचा उपयोगही ठरलेला आहे. ती बारीक करून चिकणमातीत कालवतात, पितळी साच्यात दाबतात आणि अंगठ्याएवढे किंवा मुठीएवढे छोटे स्तूप काढतात. यांना त्सा-त्सा म्हणतात. वाळलेले त्सा-त्सा स्तूपाच्या पायाशी, कड्याच्या कपारीत किंवा नदीकाठच्या स्वच्छ जागी ठेवतात. ऊनपावसात ते विरघळून मातीला मिळतात. माणसाची भौतिक खूण अशी काही पावसाळ्यांत नाहीशी होते आणि तिची जागा पुढच्या कोणासाठी मोकळी होते. स्मशानाच्या जागेचा हिशेब करणाऱ्या नियोजकाच्या दृष्टीने ही रीत अतिशय काटकसरीची आहे.

थोर साधकांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. श्वास थांबल्यावरही साधक ध्यानावस्थेत, म्हणजे थुकदममध्ये आहे असे मानले तर ती अवस्था संपेपर्यंत देह हलवत नाहीत. ती काही दिवस, क्वचित त्याहून अधिक काळ चालते. या अवस्थेचा अभ्यास विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिबेटी डॉक्टरांच्या मदतीने केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अशा देहांच्या मेंदूत विद्युत हालचाल आढळली नसल्याचे नोंदवले आहे. श्रद्धा आणि विज्ञान यांच्यातील हा संवाद सुरू राहील. व्यवहारात त्याचा अर्थ असा की वसाहतीतील व्यवस्थेला घाई चालत नाही. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडने मरण पावलेल्यांसाठी सूचना काढल्या तेव्हा देहाला स्नान घालणे, आलिंगन देणे यांवर बंदी आली. मात्र स्पर्श न करता धर्मग्रंथाचे पठण करण्यास मोकळीक राहिली. तिबेटी विधीचा आत्मा पठणात असल्याने ही मोकळीक मोलाची होती.

स्तूपांची जागा

सामान्य माणूस मातीत मिसळतो. गुरूची स्मृती मात्र जागा मागते. मोठ्या लामांच्या अस्थी किंवा देह स्तूपात प्रतिष्ठित करण्याची परंपरा निर्वासनातही चालू राहिली. दलाई लामांचे ज्येष्ठ अध्यापक लिंग रिन्पोछे १९८३ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा देह धरमशालेत जतन करण्यात आला. बैलकुप्प्यात नामद्रोलिंग विहाराची स्थापना पेनोर रिन्पोछे यांनी १९६३ मध्ये केली. हा विहार पुढे ञिंगमा परंपरेचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र झाला आणि त्याचे सुवर्ण मंदिर १९९९ मध्ये पूर्ण झाले. रिन्पोछे यांचे निधन २७ मार्च २००९ रोजी बैलकुप्प्यातच झाले. गुरू आणि शिष्य यांची पिढी ज्या भूमीत जगते तेथेच ती विसावते, तेव्हा विहाराच्या आवारात स्मारक-स्तूप येणे स्वाभाविक आहे. अशा स्तूपांसाठी लागणारी जमीन विहाराच्या ताब्यातील असते. त्यामुळे तिचे नियोजन विहार करतो. सामान्य दहनभूमीचा भार मात्र सार्वजनिक व्यवस्थेवर राहतो.

कायदा आणि स्थानिक कारभार

दफन, दफनभूमी, दहन आणि दहनभूमी हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या दहाव्या नोंदीत आहेत. म्हणजे कायदा करण्याचा अधिकार राज्याचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत स्मशाने आणि विद्युतदाहिन्या हे नगरपालिकांचे काम म्हणून स्पष्ट नोंदले आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र स्मशानाचा स्वतंत्र उल्लेख नाही. खेड्यांतील व्यवस्था त्यामुळे राज्याच्या पंचायत कायद्यावर आणि महसूल खात्यावर अवलंबून राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन गुरचरण, गावठाण, स्मशान अशा कामांसाठी राखून ठेवू शकतो. कर्नाटकात १९६४ च्या भू-महसूल कायद्याचे कलम ७१ सार्वजनिक कामासाठी जमीन राखण्याची अशीच तरतूद करते.

बैलकुप्प्यात कारभाराचे दोन पदर आहेत. सरकारी पातळीवर ग्रामपंचायत, तालुका आणि जिल्हा प्रशासन आहे. वसाहतीच्या आत धरमशालेतील केंद्रीय तिबेटी प्रशासनाने नेमलेला वसाहत अधिकारी, छावण्यांचे प्रमुख आणि सहकारी संस्था रोजचा व्यवहार पाहतात. मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार २१ दिवसांत करावी लागते. मृतांसाठी राखलेल्या जागेच्या देखभालीची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याच्यावरही मृत्यूची सूचना देण्याचे कर्तव्य हा कायदा टाकतो. त्यामुळे दहनभूमीचा रखवालदार कोण, हे ठरवणे कागदी काम राहत नाही. त्याच नोंदीवरून पुढे किती जागा आणि किती लाकूड लागेल याचा अंदाज बांधता येतो.

मूळ अडचण जमिनीच्या मालकीची आहे. वसाहतीची जमीन सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. तिबेटी कुटुंब ती कसते, परंतु विकू शकत नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले आणि राज्यांनी वीस वर्षांचे भाडेपट्टे करून द्यावेत असे सुचवले. शेतजमीन आणि घरे यांसोबत दहनभूमीसारख्या सामाईक जागांची नोंदही करारात स्पष्ट असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. नकाशावर दाखवलेली नसलेली जागा एखाद्या रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या वाटेत सहज जाते. नवी जमीन मिळवणेही सोपे उरलेले नाही. ही वसाहत मुळात रान तोडून झाली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते.

शेजारची गावे

बैलकुप्प्याच्या परिसरातील इतर समाजांची गरज वेगळी आहे. कर्नाटकात लिंगायत मृताला बसलेल्या स्थितीत पुरतात. मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांसोबत इतरही अनेक जातींत दफनाची चाल आहे. शेत असलेली कुटुंबे बहुधा स्वतःच्या जमिनीत दफन करतात. भूमिहीनांना, विशेषतः दलितांना, सार्वजनिक जागेशिवाय पर्याय नसतो. म्हणूनच स्मशान नसणे हा सामाजिक न्यायाचा प्रश्न होतो. २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने दफनभूमी नसलेल्या गावांना सहा महिन्यांत जमीन द्यावी असा आदेश राज्य सरकारला दिला आणि अंमलबजावणी लांबल्याने प्रकरण पुढे अवमान याचिकेपर्यंत गेले. मृताला सन्मानाने निरोप मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील प्रतिष्ठेच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. हा हक्क नागरिक आणि निर्वासित यांच्यात भेद करत नाही.

मुंबईच्या इतिहासाशी तुलना केली की बैलकुप्प्याचे वेगळेपण उठून दिसते. एकोणिसाव्या शतकात शहर वाढले तशी सोनापूरची स्मशाने वस्तीच्या मध्यात आली. हिंदूंचे सोनापूर हलवण्याच्या सरकारी बेताला नाना शंकरशेट यांनी विरोध केला आणि ते जागेवर राहिले. ख्रिस्ती समाजासाठी १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीला विस्तीर्ण दफनभूमी उभारली. तीही पुढे भरत आली आणि कबरींचा पुनर्वापर करून अस्थी भिंतीतील कोनाड्यांत हलवण्याची पद्धत रूढ झाली. शहराने जागा शोधली, ती भरली आणि मग रीत बदलली. बैलकुप्प्यात रीत आधी बदलली, त्यामुळे जागा भरण्याची वेळच आली नाही. महाराष्ट्रातील तिबेटी वसाहत नोर्ग्येलिंग, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसली. तेथील स्थानिक कारभारासाठीही बैलकुप्प्याचा अनुभव मार्गदर्शक आहे.

पुढील काळाची तरतूद

१९६० च्या दशकात रान साफ करणारी पिढी आता वृद्ध आहे किंवा निघून गेली आहे. तरुण मुले बंगळूर, दिल्ली, युरोप आणि अमेरिकेकडे जात आहेत. छावण्यांतील घरांत म्हातारी माणसे मागे राहतात. दुसरीकडे विहारांत हजारो भिक्षू राहतात आणि त्यांच्यामागे अंत्यविधी करणारे कुटुंब नसते. ती जबाबदारी विहाराची असते. खांदा द्यायला, लाकूड रचायला आणि एकोणपन्नास दिवसांच्या पूजा सांभाळायला माणसे कमी पडू नयेत, ही चिंता जागेच्या चिंतेपेक्षा मोठी होत आहे.

सरपण हा दुसरा प्रश्न. उघड्या चितेला साधारण तीनशे ते पाचशे किलो लाकूड लागते. १९६१ मध्ये जे ओंडके पायाखाली पडलेले होते, ते आज विकत घ्यावे लागतात. जमिनीपासून उंच लोखंडी चौथऱ्यावर चिता रचली की हवा खालून खेळते आणि लाकडाची मोठी बचत होते. पावसाळ्यासाठी वर छप्पर आणि कोरडे लाकूड ठेवायची कोठी हवी, कारण जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोडगूच्या बाजूने येणारा पाऊस थांबत नाही. गॅसदाहिनीचा विचार करताना विधीसाठी लामांना बसायला जागा आणि ज्योतिषाने सांगितलेली वेळ पाळण्याची सोय राखावी लागेल. देह काही दिवस ठेवायचा असेल तर उन्हाळ्यासाठी शीतपेटी उपयोगी पडते आणि ती ग्रामपंचायत व वसाहत यांनी मिळून ठेवता येते.

अशा वसाहतीसाठी नियोजनाच्या पायऱ्या मोजक्या आहेत. दहनभूमीची मोजणी करून ती महसुली नकाशावर आणि भाडेपट्ट्यात नोंदवणे. तिच्यापर्यंत बारमाही रस्ता आणि पाणी नेणे. देखभालीसाठी ग्रामपंचायत, वसाहत अधिकारी आणि विहार यांची जबाबदारी लेखी वाटून घेणे. मृत्यूच्या नोंदींवरून पुढील दहा-वीस वर्षांची गरज काढणे. सरपणासाठी जवळच्या पडीक जमिनीवर लवकर वाढणारी झाडे लावणे. शेजारच्या दफन करणाऱ्या समाजांसाठी स्वतंत्र जमीन राखणे. यातील प्रत्येक गोष्ट प्रचलित कायद्याच्या चौकटीत करता येते. त्यासाठी ग्रामसभेत आणि वसाहतीच्या बैठकीत हा विषय वेळेवर मांडला जाणे आणि त्याला अंदाजपत्रकात जागा मिळणे एवढेच आवश्यक आहे.